नळीतला चुना

पाम्फिल नेगोइत्सा बावीस वर्षांचा असताना आलुबुखाराच्या बागा सोडून डोंगरातून खाली उतरला आणि प्लोयेश्तच्या कडेला एका रिफायनरीत नळ्या धुवायला लागला. वर्षभरापुरतं म्हणून धरलेलं काम. पण असली कामंच माणसाला चिकटतात. ते त्याला चिकटलं ते चिकटलंच.

काम सांगायला सोपं होतं. गरम तेल थंड करायला रिफायनरीत मोठमोठे कूलर असतात. एकेका कूलरच्या पोटात अकराशे नळ्यांचा जुडगा. नळ्यांच्या बाहेरून गरम तेल जायचं, आतून नदीचं पाणी. पाणी तेलाची उष्णता घेऊन जायचं, पण जाताना आपला चुना मागे ठेवून जायचं. किटलीला आतून बसतो तसा पांढरा, टणक थर. दोन उन्हाळे गेले की जिथे अंगठा सहज जायचा तिथे करंगळी जेमतेम शिरायची. मग तेल गरमच बाहेर पडायला लागायचं, वरच्या मजल्यावर साहेबलोक एकमेकांवर डाफरायचे आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "पाम्फिलला बोलवा."

पाम्फिल आणि त्याची पाच माणसं झाकणाचे बोल्ट काढायची, क्रेन लावून जुडगा बाहेर ओढायची आणि एकेका नळीत भाला घालायची. भाला म्हणजे लांब पोलादी दांडी. टोकाला चांदणीसारखं पातं आणि पात्यामधून पाण्याचा असा फवारा, की बुटावर पडला तर बूट कापून जाईल. अकराशे नळ्यांना सहा दिवस लागायचे. त्या आवाजाने पाम्फिलचा डावा कान पन्नाशीच्या आधीच गेला. बायको, साफ्ता, काही नावडतं बोलायला लागली की तो मुद्दाम डावा कान तिच्याकडे करायचा.

त्याला एकच नाद होता. कधीकधी नळीतून चुना अख्खाच्या अख्खा निघून यायचा, बांगडीसारखा गोल. असली कडी त्याला फेकवत नसे. पहिली त्याने घरी नेली ती मुलीला खेळायला. तिने ती पायरीवर आपटून फोडली, तेव्हा आतले थर दिसले. झाडाच्या बुंध्यासारखे. एक थर दाट, एक विरळ, मध्ये तपकिरी रेघ. पाम्फिल बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत बसला. तपकिरी रेघ म्हणजे पुराचं वर्ष, हे त्याच्या आपोआप ध्यानात आलं, कारण त्या पुरात त्याच्या सासऱ्याचं तळघर बुडालं होतं. तेव्हापासून अशी अख्खी निघालेली कडी तो बरणीत ठेवू लागला. झाकणावर कूलरचा नंबर आणि तारीख.

"लोकांच्या फडताळात काकडीची लोणची असतात," साफ्ता म्हणायची, "आणि माझ्याकडे चुना. बरण्या तरी परत दे माझ्या."

"हिवाळ्यात देतो."

कुठला हिवाळा, ते त्याने कधी सांगितलं नाही. बरण्या एकतीस झाल्या.

दोन हजार नऊ सालच्या मार्चमध्ये ओतिलिया ब्रंझान नावाची नवी इंजिनिअर बाई टोळीच्या खोलीत आली. वय तिशी-बत्तिशीचं, बुटांना चिखल, हातात कागदांची गुंडाळी. बाकावर पाम्फिलचा मेहुणा लाम्बे कांदा आणि डुकराची चरबी पावाला लावून खात होता. लाम्बे म्हणजे साफ्ताचा धाकटा भाऊ. टोळीत त्याला पाम्फिलनेच आणलं होतं.

"सत्तावीस नंबरचा कूलर किती वेगाने चोंदतो?" तिने विचारलं. "म्हणजे पहिल्या महिन्यात किती, सहाव्यात किती?"

"बाई, आम्ही डॉक्टर," लाम्बे घास चावत म्हणाला. "पेशंट मेल्याशिवाय आम्हाला कुणी बोलवत नाही. ताप कधी चढला ते त्याच्या आईला विचारा."

सगळे हसले. तीही हसली, पण जागची हलली नाही. सत्तावीस नंबर हा सगळ्यांत खोडसाळ कूलर. टोळी त्याला म्हातारी म्हणायची. त्या वर्षी म्हातारीसाठी नवा जुडगा येणार होता. ओतिलियाचं म्हणणं, त्याच्या नळ्यांना आतून लेप लावून घ्यावा. भट्टीत भाजून पक्का केलेला, काचेसारखा गुळगुळीत. त्यावर चुना धरतच नाही म्हणे.

"मग लावा की," पाम्फिल म्हणाला.

"झाम्फिर साहेब नाही म्हणतात." झाम्फिर म्हणजे खरेदीखात्याचा मुख्य. "ते म्हणाले, पाम्फिलची टोळी नऊ हजार लेईत कूलर धुऊन देते. लेपाला सत्तर हजार. सत्तर हजार टाकून नऊ हजार वाचवायचे, हे कुठल्या शाळेत शिकवतात, असं विचारलं मला. वर म्हणाले, लेप म्हणजे नळीला घातलेला स्वेटर. उष्णता अडवणारच."

"अडवतो का?"

"थोडी अडवतो," ती खरं बोलून गेली. "पण चुनाही अडवतोच ना. कोण किती आणि कधीपासून, एवढंच मला दाखवायचंय. ऑफिसात फक्त धुण्याची बिलं आहेत. चुन्याबद्दल कुठेच काही नाही."

पाम्फिलने लाम्बेकडे बघितलं नाही. "संध्याकाळी घरी या," तो म्हणाला.

ती आली. साफ्ताने चोर्बाचं, आंबट सूपचं पातेलं उतरवून टेबल पुसून दिलं आणि त्यावर पाम्फिलने एकतीस बरण्या मांडल्या. ओतिलियाने खिशातून मोजपट्टी काढली, एकेक कडी उजेडात धरून थर मोजले आणि शेजारी यंत्राच्या तापमानाची जुनी पानं उलगडली. तारखा जुळत गेल्या. साफ्ता मध्येमध्ये चहा ठेवून जायची आणि पुटपुटायची, "चला, कुणाला तरी उपयोग झाला."

दोन-तीन संध्याकाळी हे चाललं. शेवटच्या दिवशी ओतिलियाने कागद पाम्फिलपुढे सरकवला.

"हे बघा, नेआ पाम्फिल," ती म्हणाली. वयाचा मान म्हणून सगळेच त्याला नेआ म्हणत. "नवी उघडी नळी लेपाच्या नळीपेक्षा चांगली चालते. झाम्फिर साहेब तिथे बरोबर आहेत. पण ते दहाच आठवडे. दहाव्या आठवड्याला तुमचा चुना लेपाच्या पुढे जातो आणि मग मागे बघत नाही. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत नदी आटते, पाणी कोमट होतं, नळ्या निम्म्या बुजलेल्या. तेल थंड होत नाही म्हणून अख्खं यंत्र हळू चालवतात. त्या दोन महिन्यांत जेवढं तेल गाळायचं राहून जातं, त्याचे होतात साडेचार लाख लेई. ते कुठल्याच बिलावर येत नाहीत, म्हणून कुणाला दिसत नाहीत."

"आणि आमचे नऊ हजार?"

ओतिलिया जरा अडखळली. "ते मी धरले काय आणि न धरले काय. मीठसुद्धा नाही ते."

ती गेल्यावर पाम्फिल बराच वेळ टेबलाशीच बसून होता. अठ्ठावीस वर्षं पगारवाढ मागायला गेलं की ऐकवलं जायचं, तुमच्या टोळीवर किती खर्च होतो माहितीये का? त्यालाही ते पटलं होतं. आपण खर्च आहोत, जड आहोत, असं समजून तो दर वेळी टोपी हातात घेऊन परत फिरला होता. आता कळत होतं ते उलटंच. ते इतके स्वस्त होते, की चुन्याचं खरं मोल बघायची कुणाला गरजच पडली नाही. टोळी महाग असती तर हा लेप वीस वर्षांपूर्वी आला असता. आणि मग त्याचा कान शाबूत राहिला असता, पण नोकरी राहिली असती का? ह्या प्रश्नाचं कुठलंच टोक त्याच्या हाती लागेना.

झाम्फिरने कागद दोनदा परत पाठवला आणि तिसऱ्यांदा सही केली. एका जुडग्यापुरती, प्रयोग म्हणून. दीड वर्षाने उघडून बघायचं, मग पुढचं.

लेप लावायला जुडगा परगावच्या कारखान्यात गेला तेव्हा ओतिलियाने पाम्फिलला बरोबर नेलं. नळ्यांमधून तो पातळ, लालसर रस भरायचा, निथळू द्यायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा भरायचा. असं सात वेळा. बाहेर आला तेव्हा प्रत्येक नळीचं तोंड तकतकीत मातीच्या गडव्यासारखं दिसत होतं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने पाम्फिलचे हात बघून त्याचा धंदा ओळखला.

"भालेवाला ना तू? मग ऐक. ह्याच्यात पोलाद घालायचं नाही. एक ओरखडा पडला, की गंज त्याच्या आडून आत शिरतो आणि घर करतो. प्लॅस्टिकचं टोक आणि हलकं पाणी. बाळाला न्हाऊ घालतोस तसं."

सप्टेंबरात म्हातारीला नवा जुडगा बसला. पुढच्या वर्षीच्या जुलैत आजूबाजूचे कूलर नेहमीसारखे धापा टाकत होते, सत्तावीस नंबर मात्र थंडगार. टोळीतल्या माणसांनी ते बघितलं. लाम्बेचे विनोद आटले.

उघडायची तारीख ठरली, त्याच्या आधीच्या रविवारी तो जेवायला आला. मक्याच्या पिठाची मामालिगा तशीच ताटात थंड होत होती.

"दाजी, परवा भाला तुमच्याच हातात असणार ना?"

"माझ्याच."

"मग नेहमीचं टोक लावा. चांदणीचं. एकच फेरी मारा, बास. तीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला म्हणायचं. कोण विचारणारे?"

पाम्फिलने आपल्या ताटातला घास मोडला.

"तुमची तीन वर्षं राहिलीत पेन्शनला. मी चव्वेचाळीसचा आहे. चाळीस कूलर आहेत तिथे. सगळ्यांना तो गडव्याचा रंग फासला, तर मी काय करू? बुखारेस्टात पोरगी शिकतेय माझी, तिला काय सांगू? की तुझ्या आत्याच्या नवऱ्याने बरण्या भरून आपली भाकरी दान केली?"

"मी फक्त जे होतं ते दाखवलं, लाम्बे."

"कुणी विचारलं होतं?" लाम्बे उठला. "अहो, कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

तो गेल्यावर साफ्ताने त्याचं ताट उचललं. "माझा भाऊ आहे तो," ती म्हणाली. "त्याचं ऐकलंस तर मी तुला बोलणार नाही." मग मोरीशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आणि नाही ऐकलंस तरी बोलणार नाही. पण नंतर मला येऊन सांगू नकोस, की हात आपोआप गेला. तुझा हात मला माहितीये."

मंगळवारी सकाळी म्हातारीचं झाकण निघालं. पाम्फिलने पहिल्या नळीत बोट घातलं. चुना नव्हता. बोटावर आला तो नुसता शेवाळी गाळ, बागेच्या पाइपने धुऊन जाईल असला. दीड वर्षात एवढाच. आत बोट फिरत होतं तसतसं त्याला विचित्र वाटत गेलं. आपल्या माणसाचा गळा पहिल्यांदाच मोकळा झाला असावा आणि आता त्याला आपली गरज नसावी, तसं काहीसं.

ओतिलिया पलीकडच्या तोंडाशी दिवा घेऊन उभी होती. लाम्बेने भाला आणून पाम्फिलच्या हातात दिला. टोकाला चांदणी होती. लाम्बेने नजर चुकवली नाही.

आणि पाम्फिलने तो भाला नळीत घातला.

पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला की का घातला. लाम्बेच्या डोळ्यांमुळे? की लाम्बेची पोर लहान असताना त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला जायची, त्यामुळे? तिसऱ्या ओळीतली सातवी नळी. पाणी सुरू झालं आणि अर्ध्या हातावर त्याच्या तळव्यांत ते उतरलं. चकचकीत बशीवर काटा ओढावा तसं. चुन्यावर पातं चालतं तेव्हा हाताला समाधान वाटतं. हे वेगळं होतं. चांगली वस्तू आपल्या हाताखाली बिघडतेय, हे हाताला डोक्याच्या आधी कळलं. त्याने पाणी बंद करायची खूण केली, भाला बाहेर ओढला, पाना मागितला. कुणी देईना, तेव्हा स्वतः जाऊन घेऊन आला. चांदणी काढली, प्लॅस्टिकचं टोक चढवलं आणि उरलेल्या नळ्या दुपारपर्यंत धुऊन काढल्या. अकराशे नळ्या एका दिवसाच्याही आत.

लाम्बे कधी निघून गेला ते त्याला कळलं नाही. त्याचे हातमोजे तेवढे बोल्टांच्या पेटीवर पडले होते.

संध्याकाळी पाम्फिल ओतिलियाच्या खोलीत गेला.

"तिसरी ओळ, सातवी नळी," तो म्हणाला. "लेप खरवडलाय. बूच मारून बंद करा, नाहीतर गंजेल आणि नाव लेपाचं खराब होईल."

"चुकून झालं?"

"नाही."

ओतिलियाने पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर शिफ्ट सुटल्याची गर्दी चालली होती. "कुणाच्या सांगण्यावरून?" हा प्रश्न तिच्या ओठांवर आलेला त्याला दिसला. तो तिने गिळला.

"अकराशेत एक," ती म्हणाली. "बूच मारू. अहवालात लिहीन की पोलादी टोक चालत नाही, हे प्रत्यक्ष तपासून पाहिलं." मग म्हणाली, "नेआ पाम्फिल, मला वाटलं होतं हा फक्त नळ्यांचा प्रश्न आहे."

"सगळ्यांना आधी तसंच वाटतं, बाई. आता एक विचारू? चाळीसच्या चाळीस कूलरना लावणार हे?"

"झाम्फिर साहेब आता तेच म्हणतायत. कालपर्यंत एकाला नाही म्हणत होते."

"सगळ्यांना नका लावू. पैसे पाण्यात जातील." पाम्फिल खुर्ची ओढून बसला. त्या ऑफिसात तो पहिल्यांदाच बसत होता. "अकरा, बारा आणि पलीकडची ती रांग आहे ना, तिथे बंद फिरतं शुद्ध पाणी आहे. दहा वर्षांत नखाएवढा चुना नाही. त्याची बरणीच नाही माझ्याकडे. तिसऱ्या शेडमध्ये कूलर जोडीने आहेत. एक धुताना दुसरा चालतो, जुलैत काही अडत नाही. तिथे आमचा भालाच परवडतो. आणि भट्टीजवळच्यांना तो लेप टिकणार नाही. तो लेपवाला म्हातारा म्हणाला होता, फार तापलं की तडकतो. जिथे चोंदल्यामुळे यंत्र थांबतं, तिथेच लावा."

दोघांनी बसून यादी केली. चाळीसातले चौदा उरले. चौदांना लेप, सव्वीस भाल्याला. सव्वीस कूलरना सहा माणसं जास्त होती, पण तीन नक्की लागत होती. लेपाची देखभाल आणि तपासणी करायला आणखी एकजण हवा, हे कलम ओतिलियाने स्वतःच्या हाताने लिहिलं आणि झाम्फिरशी दोन महिने भांडून टिकवलं. पाम्फिलने त्या जागेसाठी लाम्बेचं नाव सांगितलं.

लाम्बेने जागा नाकारली. "त्यांच्या हातचं नको," असं त्याने बहिणीला कळवलं आणि कोन्स्तान्त्साला बंदरात जहाजं साफ करायला निघून गेला. ती जागा टोळीतल्या दुसऱ्या एकाला मिळाली. एकजण मुलाकडे इटलीला गेला. तीन राहिले, त्यांत पाम्फिल. दर नाताळाआधी डुक्कर कापायच्या दिवशी सगळं घर अंगणात जमायचं, तिथे आता लाम्बे नसायचा. साफ्ता त्याच्या वाटणीचं मांस बाजूला काढून बसने कोन्स्तान्त्साला पाठवायची. पोच म्हणून कधी एक ओळसुद्धा यायची नाही. नवऱ्याला ती म्हणाल्याप्रमाणे एका शब्दाने बोलली नाही. पण घरातली शांतता पाम्फिलला त्याच्या चांगल्या कानाने ऐकू येत होती.

जुलैत यंत्र हळू करायची वेळ पुढे आली नाही. झाम्फिरला त्या वर्षी बक्षीस मिळालं. ओतिलियाला बढती मिळाली, ती दुसऱ्या शहरात गेली. जाण्याआधी ती साफ्तासाठी रिकाम्या बरण्यांचं खोकं घेऊन आली, नव्या कोऱ्या, झाकणांसकट.

दोन हजार चौदाच्या वसंतात, पाम्फिल निवृत्त होऊन महिना झाला होता, तेव्हा दुपारी फोन वाजला. साफ्ताने उचलला, ऐकलं आणि त्याच्याकडे धरला.

"दाजी," पलीकडून आवाज आला. तीन वर्षांनी. पण ना कशी प्रकृती, ना कसे आहात. "एक विचारायचंय. इथे जहाजाच्या कूलरमध्ये समुद्राचं पाणी खेळवतात. चुना नाही, पण शिंपले धरतात आत, आणि गंज. मी मुकादमाला म्हणालो लेप लावून घ्या, तर तो म्हणतो, तू आणि तुझी चार माणसं लेपापेक्षा स्वस्त पडता. त्याला काय सांगू?"

पाम्फिल उभा राहिला.

"मजुरी मोजू नकोस!" तो ओरडला. "मजुरीवरून चाललास की हरशील! जहाज त्यापायी किती दिवस धक्क्याला अडकतं, ते मोज!"

"ते माझ्याकडे नाहीये कुठे लिहिलेलं."

"मग आजपासून लिही. आणि शिंपले फेकू नकोस. प्रत्येक वेळचा एक ठेवून दे, तारीख घालून."

पलीकडे बंदराची घरघर. मग लाम्बे म्हणाला, "इथे माझ्याकडे बरण्या नाहीत, दाजी."

"तुझ्या बहिणीकडे खोकंभर आहेत."

"मग ईस्टरला येतो न्यायला," लाम्बे म्हणाला. "तिला सांगा, कोकराचं मांस शिजवून ठेव. आणि मांस बसने पाठवत जाऊ नकोस म्हणावं, ड्रायव्हर अर्धं खातो."

पाम्फिलने फोन ठेवला. साफ्ता दारात उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, शेजाऱ्यांनाही गेलं असणार. ती आत गेली आणि कोकरू किती किलोचं लागेल याचा मोठ्याने विचार करू लागली.